विषाणूंवर काम करायचंय? मग पेशी शीक

प्रश्न : मी लातूरला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय मायक्रोबायोलॉजी. वेगवेगळे विषाणू पेशीत काय उलथापालथ करतात याची तुलना करून औषध कुठे लागू पडेल ते शोधतात, असं वाचलं. मला हेच काम करायचंय. एम.एस्सी. व्हायरॉलॉजीच करावी लागेल का? बाबा म्हणतात, डीएमएलटी (लॅब तंत्रज्ञाची पदविका) कर, लगेच हाताला काम मिळेल.

उत्तर : व्हायरॉलॉजीच हवी, असं अजिबात नाही. या कामात विषाणूइतकाच, किंबहुना जास्त, पेशीचा अभ्यास असतो. सार्स-कोव्ह-२ या, म्हणजे कोरोनाच्या, विषाणूची स्वतःची प्रथिनं २९च्या आसपास. बाकीचं सगळं तो आपल्या पेशीतल्या प्रथिनांकडून करून घेतो. तो कोणाला हाताशी धरतो हे कळलं, तर औषध थेट त्या मानवी प्रथिनावर रोखता येतं. एचआयव्हीवरचं मॅराव्हिरॉक हे २००७ साली मान्यता मिळालेलं औषध असंच आहे. ते विषाणूला हात लावत नाही, आपल्या पांढऱ्या पेशींवरचं सीसीआर५ हे त्याच्या प्रवेशाचं प्रथिन अडवतं. काही माणसांत हे प्रथिन जन्मतःच नसतं आणि तरी ती बहुतेक ठणठणीत असतात, म्हणून हे जमलं. दर वेळी असं नशीब नसतं. जे विषाणूला लागतं ते बऱ्याचदा पेशीलाही लागतं, आणि घोडं तिथेच अडतं.

आता तुलनेचं. २०२० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात नेव्हन क्रोगन यांच्या गटाने कोरोनाची २६ प्रथिनं एकेक करून मानवी पेशींत घातली, परत ओढून काढली आणि त्यांना चिकटून कोणती मानवी प्रथिनं आली ते मास स्पेक्ट्रोमीटर या वजनावरून रेणू ओळखणाऱ्या यंत्रावर ओळखलं. अशा ३३२ जोड्या मिळाल्या. त्याच वर्षी त्यांनी जुना सार्स आणि मर्स या कोरोनाच्या भाऊबंदांचीही अशीच यादी करून तिन्ही शेजारी ठेवल्या. दोन्ही सार्स विषाणूंचं ओआरएफ९बी हे प्रथिन मायटोकॉन्ड्रियावरच्या (पेशीच्या ऊर्जाकेंद्रावरच्या) टॉम७० या मानवी प्रथिनाला धरतं, हे त्यातून पुढे आलं. एकाच विषाणूची यादी लांबलचक असते, तिच्यात महत्त्वाचं काय ते कळत नाही. दोन-तीन विषाणू ज्याच्या मागे लागतात, तिथे मात्र थांबून बघावंसं वाटतं.

दुसरी पद्धत मला स्वतःला जास्त आवडते. क्रिस्पर या जनुकं कापण्याच्या तंत्राने पेशींचा असा साठा करायचा की प्रत्येक पेशीत एकेक वेगळं जनुक बंद असेल. मग त्यावर विषाणू सोडायचा. बहुतेक पेशी मरतात. ज्या तगल्या त्यांच्यात कोणतं जनुक बंद होतं ते वाचायचं. स्टॅनफर्डच्या गटाने २०१६ मध्ये यकृताच्या पेशींत डेंग्यू आणि हेपटायटिस सी अशा दोघांवर हे केलं. दोघे एकाच कुळातले, पण गरजा बऱ्याच वेगळ्या निघाल्या. डेंग्यूला प्रथिनांवर साखरेची साखळी चढवणारा ओएसटी हा प्रथिनांचा संच लागतो. त्या संचाला रोखणारं एक रसायन प्रयोगशाळेतल्या पेशींत डेंग्यू आणि झिका दोघांनाही अडवतं, हे पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालं. रुग्णाला देण्याचं औषध होणं ही फार पुढची गोष्ट.

मात्र तुलना फसवतेही. क्रोगन यांच्याच गटाने २०१२ मध्ये एचआयव्हीची यादी दोन प्रकारच्या पेशींत केली होती. ४९७ जोड्यांपैकी जेमतेम ४० टक्के दोन्हीकडे सापडल्या. विषाणू तोच, पेशी बदलली की यादी बदलली! कोरोनाकाळात बशीतल्या पेशींवर 'चालणाऱ्या' बऱ्याच जुन्या औषधांचंही असंच झालं. ती पेशीत चरबीसारखे फॉस्फोलिपिड साचवत होती आणि त्यामुळे विषाणू अडत होता, हे २०२१ मध्ये दाखवलं गेलं. म्हणजे नेम धरलेल्या प्रथिनाचा त्याच्याशी फारसा संबंध नव्हता. असा संशय घेण्यात या क्षेत्रातल्या माणसाचा निम्मा वेळ जातो. तुला झटपट निकाल हवे असतील तर आत्ताच विचार कर.

म्हणून माझा सल्ला : एम.एस्सी. बायोकेमिस्ट्री, बायोटेक्नॉलॉजी किंवा व्हायरॉलॉजी, कशातूनही कर, पण सेल बायोलॉजी आणि स्टॅटिस्टिक्स टाळू नकोस. मायक्रोचे बरेच विद्यार्थी गणिताला घाबरतात आणि नेमके तिथेच मागे पडतात, हे मी वर्षानुवर्षं बघतोय. पुण्यात विषाणूंवर काम करणारी एनआयव्ही, पेशींवर काम करणारी एनसीसीएस आणि विज्ञान शिक्षण-संशोधनाची आयसर या संस्था एकाच शहरात आहेत, ही तुझ्यासाठी मोठी सोय. गॅट-बी आणि आयआयटी-जॅम या एम.एस्सी.च्या प्रवेशपरीक्षांची माहिती आत्तापासून काढ. जॅममधून बंगळुरूच्या आयआयएस्सीत इंटिग्रेटेड पीएच.डी.लाही अर्ज करता येतो. नियम बदलतात, तेव्हा त्या वर्षीची जाहिरातच वाच, क्लासवाल्याचं पत्रक नको.

या सुट्टीत एक कर. कोरोनाची ३३२ ची आणि एचआयव्हीची ४९७ ची यादी शोधनिबंधांसोबत उपलब्ध आहे. दोन्ही एक्सेलमध्ये घे आणि समान मानवी प्रथिनं शोध. नंतर तेच आर किंवा पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत करून बघ. तेवढ्यात कंटाळा आला तर हे क्षेत्र तुझं नाही. उलट 'समान निघालं, पण योगायोगाने किती समान निघालं असतं?' हा प्रश्न पडला, तर पुढे जा.

बाबांचं म्हणणं उडवून लावू नकोस. डीएमएलटी चांगला व्यवसाय आहे, पण तो निदानाचा. तिथून संशोधनाकडे वाट सहसा वळत नाही. त्यांना खरा हिशोब सांग. एम.एस्सी.ची दोन वर्षं, मग पीएच.डी.ची पाच-सहा. नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं. त्यानंतर पोस्टडॉक (पीएच.डी.नंतरचं तात्पुरतं संशोधनाचं काम), आणि कायमची जागा तिशी ओलांडल्यावर, तीही मोजक्यांनाच. प्रथिनांची आकडेवारी हाताळता येणाऱ्यांना मात्र औषध कंपन्यांतही काम मिळतं. जेआरएफ मिळाली नाही तर काय, हे एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी दोघांनी बसून ठरवायचं, एवढं त्यांच्याशी आत्ताच बोलून ठेव.