निळ्या प्रकाशात निकेल कार्बन-साखळी कशी वाढवते?
कार्बनचे तुकडे जोडायला पॅलेडियम धातूसारखा सिद्ध उत्प्रेरक असताना निकेल आणि दिवा कशासाठी, असे आपण विचारले आहे. 2010 च्या नोबेल पारितोषिकाने गौरवलेल्या पॅलेडियम अभिक्रिया बेंझिनसारखी सपाट वलये उत्तम जोडतात. अल्किल साखळीत (एकेरी बंधांनी जोडलेल्या कार्बनच्या साखळीत) मात्र धातूला जोडलेल्या कार्बनच्या शेजारचा हायड्रोजन सहज निसटतो आणि जोडणीऐवजी अल्कीन (दुहेरी बंध असलेले संयुग) हाती येते. निकेलमध्ये ही गळती कमी असते, शिवाय ते मुक्त मूलकांना (एकटा, जोडीविना इलेक्ट्रॉन असलेल्या तुकड्यांना) सहज सामावून घेते.

2014 मध्ये अमेरिकेत रसायनशास्त्रज्ञ डेव्हिड मॅकमिलन आणि अॅबिगेल डॉयल यांच्या गटांनी मिळून याच गुणाचा उपयोग केला. निळ्या प्रकाशाने उत्तेजित झालेले इरिडियम संयुग कार्बोक्झिलेटमधून (कार्बोक्झिलिक आम्लाच्या ऋणभारित रूपातून) एक इलेक्ट्रॉन काढून घेते, कार्बन डायऑक्साइड निघून जातो, उरलेले मूलक निकेलवर येऊन हॅलाइडमधून (ब्रोमीनसारखा हॅलोजन जोडलेल्या संयुगातून) आलेल्या तुकड्याशी जुळते, आणि अखेरीस इरिडियम निकेलला एक इलेक्ट्रॉन देऊन दोन्ही धातूंची उत्प्रेरक-चक्रे पुन्हा सुरू करते. (एक कार्बन गमावून साखळी वाढते, हे गमतीचेच.) 2016 मध्ये मॅकमिलन गटाने याच मार्गाने दोन अल्किल तुकडेही जोडले. सहज मिळणारी आम्ले थेट वापरता येतात, हा माझ्या मते सर्वांत मोठा लाभ. इरिडियमची किंमत मात्र खटकते.