वाचकांचे प्रश्न : गिटारच्या वरच्या फ्रेटवरील कॉर्ड

या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाची आहेत. ओपन कॉर्ड (काही तारा मोकळ्या ठेवून वाजवायच्या) आणि बार कॉर्ड (एक बोट तारांवर आडवे टेकवून धरायच्या) हाताला बसल्यानंतर नेकच्या, म्हणजे फ्रेटच्या पट्ट्या असलेल्या दांड्याच्या, वरच्या भागात, म्हणजे साउंडहोलच्या दिशेने, कसे जावे असा सर्वांचा प्रश्न आहे. पहिले पत्र सविस्तर उत्तराचे आहे, म्हणून त्याला अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : मी सुगम संगीताच्या कार्यक्रमांत गिटारची साथ करतो. आमचे मुख्य गायक काळी दोनमध्ये गातात. सोबत हार्मोनियम, कीबोर्ड आणि तबला असतो. गिटार वेगळी ऐकू येत नाही, नुसता गलबला होतो, अशी त्यांची तक्रार आहे. वरच्या फ्रेटवरची व्हॉइसिंग (कॉर्डचे स्वर तारांवर मांडण्याच्या रचना) शिकावीत म्हणून मी कॉर्डच्या तक्त्यांचे पुस्तक आणले, पण त्यात एकेका कॉर्डच्या इतक्या आकृत्या आहेत की सुरुवात कोठून करावी हेच कळत नाही. (एक वाचक, सांगली)

उत्तर : ते पुस्तक सध्या बाजूला ठेवावे, असे मी आपल्याला आग्रहाने सांगेन. त्यातील आकृत्या चुकीच्या असतात असे नाही. परंतु कोणत्या तारेवर कॉर्डचा कोणता स्वर वाजतो आहे हे ठाऊक नसताना पाठ केलेली आकृती कार्यक्रमात ऐन वेळी आठवत नाही, आणि आठवली तरी आधीच्या कॉर्डवरून तिच्यावर जाताना हाताला मोठी उडी घ्यावी लागते.

प्रथम गलबला का होतो ते पाहू. पहिल्या फ्रेटवर धरलेल्या एफच्या बार कॉर्डमध्ये सहा तारांवर एफ, सी, एफ, ए, सी, एफ असे स्वर वाजतात. म्हणजे मूळ स्वर तीनदा, पंचम दोनदा आणि कॉर्ड मेजर आहे की मायनर हे ठरवणारा गंधार फक्त एकदाच. गिटारची सहावी तार मोकळी सुमारे ८२ हर्ट्झवर वाजते आणि पाचवी ११० हर्ट्झवर. डग्ग्याची घुमार, कीबोर्डवादकाचा डावा हात आणि हार्मोनियमचा खर्ज यांनी तो प्रदेश आधीच भरलेला असतो. तेथे आपण आणखी चार-पाच स्वर टाकले, तर ते वेगळे ऐकू येण्याची अपेक्षाच करता येत नाही. खालचे स्वर सोडून द्यावेत आणि वरच्या, म्हणजे उंच स्वरांच्या बारीक, तीन तारांवर तीनच स्वर वाजवावेत, हा त्यावरचा उपाय आहे.

कॉर्डच्या मूळ स्वराला सा म्हटले, तर मेजर कॉर्ड म्हणजे सा, ग, प एवढेच. तिसऱ्या, दुसऱ्या आणि पहिल्या तारेवर हे स्वर तीन क्रमांनी येऊ शकतात : सा-ग-प, ग-प-सा आणि प-सा-ग. काळी दोन म्हणजे ई फ्लॅट. तिसऱ्या, दुसऱ्या आणि पहिल्या तारेचे फ्रेट या क्रमाने लिहिले, तर ई फ्लॅट मेजर ३-४-३ येथे प-सा-ग अशी मिळते, ८-८-६ येथे सा-ग-प अशी, आणि १२-११-११ येथे ग-प-सा अशी. कोणतीही मेजर कॉर्ड याच तीन आकारांत मिळते. फक्त जागा सरकते. मायनर हवी असेल तर ज्या तारेवर गंधार आहे तो एक फ्रेट मागे घ्यावा. त्याने वरील तीन आकार अनुक्रमे ३-४-२, ८-७-६ आणि ११-११-११ असे होतात. गंधार कोणत्या तारेवर आहे हे ठाऊक असेल तर मायनरचे आकार निराळे पाठ करावेच लागत नाहीत.

आता या आकारांचा खरा उपयोग पाहू. काळी दोनच्या गाण्यात सर्वांत जास्त लागणाऱ्या कॉर्ड म्हणजे षड्जाची ई फ्लॅट, मध्यमाची ए फ्लॅट आणि पंचमाची बी फ्लॅट. ई फ्लॅट ८-८-६ येथे धरावी : मधले बोट तिसऱ्या तारेवर, अनामिका दुसऱ्या तारेवर आणि तर्जनी पहिल्या तारेवर. येथून ए फ्लॅटवर जाताना मधले बोट मुळीच उचलू नये, कारण ई फ्लॅट हा स्वर दोन्ही कॉर्डमध्ये आहे. अनामिका एक फ्रेट आणि तर्जनी दोन फ्रेट पुढे सरकवली की ८-९-८ तयार होते. त्यानंतर बी फ्लॅटसाठी मधले बोट त्याच तारेवर एक फ्रेट मागे आणावे आणि तर्जनी सहाव्या फ्रेटवर पहिल्या दोन तारांवर आडवी टेकवावी. ही झाली ७-६-६. तेथून पुन्हा ८-८-६ वर यावे. या वेळी पहिल्या तारेवरचा सहावा फ्रेट तसाच राहतो. सगळा प्रवास सहाव्या ते नवव्या फ्रेटच्या आत होतो आणि मधले बोट तिसरी तार कधीच सोडत नाही. सी मायनर लागली तर ८-८-६ मधील पहिल्या तारेचा स्वर दोन फ्रेट वर नेऊन ८-८-८ करावे. बाकीचे दोन स्वर तेच राहतात. अशा रीतीने वाजवले की प्रत्येक तारेवर एक छोटी स्वतंत्र चाल ऐकू येऊ लागते, आणि वरच्या फ्रेटवरची साथ गोड वाटते ती मुख्यतः याच कारणाने.

कोणता आकार कोठे घ्यायचा, हे गायकाचा आवाज ज्या सप्तकात फिरतो आहे त्यावरून ठरवावे. आपले गायक मध्य सप्तकात मुखडा गात असतील, तेव्हा ८-८-६ च्या आसपासचे स्वर त्यांच्या आवाजाच्या वर राहतात आणि शब्दांना धक्का लागत नाही. अंतऱ्यात ते तार षड्जाकडे चढू लागले की त्याच जागेवर गिटारही वाजत राहिली तर दोन्ही एकमेकांवर येतात. त्या ओळीपुरते ३-४-३ वर उतरावे किंवा थोडा वेळ वाजवूच नये. साथीत थांबणे हेही वाजवण्याइतकेच विचाराने करायचे काम आहे, आणि सुगम संगीतात शब्द ऐकू येणे ही पहिली अट आहे.

सरावाबद्दल एकच सूचना आहे. प्रत्येक कॉर्ड धरल्यावर तिन्ही स्वरांची नावे मोठ्याने म्हणावीत : आधी सा, ग, प म्हणून आणि नंतर ई फ्लॅट, जी, बी फ्लॅट म्हणून. सुरुवातीला हे फार संथ वाटते, परंतु आकार आणि स्वर एकत्र पक्के करण्याचा याहून भरवशाचा मार्ग मला माहीत नाही. चौथी तार चुकून वाजू नये म्हणून मधल्या बोटाचे टोक तिला हलकेच टेकलेले ठेवावे, आणि शक्य असेल तेथे पिकऐवजी उजव्या हाताच्या तीन बोटांनी तिन्ही तारा एकदम छेडाव्यात.

प्रश्न : माझी अकूस्टिक गिटार ट्यूनरवर बरोबर लावलेली असते. ओपन कॉर्ड सुरेल वाजतात, पण आठव्या फ्रेटच्या पुढे गेले की त्याच कॉर्ड बेसूर वाटतात. पावसाळ्यात तर फारच. दोष माझ्या हाताचा की वाद्याचा? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : दोन्ही शक्यता तपासून पाहाव्यात. बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर तारेला हलका स्पर्श करून हार्मोनिक (तार न दाबता निघणारा घंटेसारखा स्वर) वाजवावा आणि मग तीच तार बाराव्या फ्रेटवर नेहमीसारखी दाबून वाजवावी. दोन्ही स्वर ट्यूनरवर एकच आले पाहिजेत. दाबलेला स्वर चढा येत असेल तर तारा फ्रेटपासून फार उंच आहेत, जुन्या झाल्या आहेत किंवा ब्रिजवरची पट्टी नीट बसलेली नाही, असे समजावे. तार जितकी उंच, तितकी ती दाबताना ताणली जाते आणि स्वर चढतो. स्टीलच्या तारांच्या गिटारवर बाराव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांमध्ये साधारण दोन ते अडीच मिलिमीटर अंतर असणे सोयीचे मानले जाते. आपल्या वाद्यावर ते चार मिलिमीटरच्या घरात असेल, तर आठव्या फ्रेटपुढे सुरेल वाजणे कोणालाही कठीणच आहे. कोकणातल्या पावसाळ्यात लाकूड ओलावा शोषून फुगते, वरची फळी किंचित उचलली जाते आणि तिच्याबरोबर ब्रिज व ताराही उचलल्या जातात. म्हणून आपल्याला त्या दिवसांत जास्त त्रास होतो. गिटार बंद केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावी, पुड्या वेळोवेळी बदलाव्यात, आणि नव्या तारा चढवताना जाणत्या दुरुस्तीकाराकडून उंची एकदा बसवून घ्यावी.

हाताची बाजू अशी, की वर जाताना फ्रेट अरुंद होत जातात. ६५० मिलिमीटर लांबीच्या तारेवर पहिला फ्रेट सुमारे ३६ मिलिमीटर रुंद असतो आणि बारावा जेमतेम १९. खाली सुटसुटीत बसणारी बोटे तेथे एकमेकांना ढकलतात, आणि ढकललेले बोट तार आडवी ओढते. तेवढ्यानेही स्वर चढतो. वर जाताना दाब कमी करावा आणि बोटांची टोके अधिक उभी ठेवावीत. एकेक तार स्वतंत्र वाजवून ऐकली की कोणते बोट तार ओढते आहे ते लगेच कळते.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या बँडमधील मित्र सीएजीईडी पद्धत शिकायला सांगतात, तर इंटरनेटवरचे काही शिक्षक फक्त तीन स्वरांच्या कॉर्ड शिका म्हणतात. दोन्हींपैकी काय निवडावे? (एक विद्यार्थिनी, ठाणे)

उत्तर : निवड करण्याची गरज नाही, कारण ही एकाच गोष्टीची दोन रूपे आहेत. सीएजीईडी म्हणजे सी, ए, जी, ई आणि डी या पाच ओपन कॉर्डचे आकार बारच्या साहाय्याने संपूर्ण नेकवर सरकवणे. वर सांगलीच्या वाचकांना दिलेले आकार याच पाचांचे तुकडे आहेत. ई फ्लॅटची ई शेपमधील बार कॉर्ड अकराव्या फ्रेटवर धरा आणि फक्त वरच्या तीन तारा वाजवा, १२-११-११ मिळेल. ए शेपमधील बार कॉर्ड सहाव्या फ्रेटवर धरली तर वरच्या तीन तारांवर ८-८-६ असते. म्हणजे यातील बरेचसे तुमच्या हाताला आधीच येते आहे. माझे मत असे आहे की तुम्ही तीन स्वरांपासून सुरुवात करावी आणि पूर्ण आकार त्यांच्या आधारासाठी लक्षात ठेवावेत. एक सावधगिरी मात्र बाळगा : हे आकार चौथ्या, तिसऱ्या आणि दुसऱ्या तारेवर जसेच्या तसे नेता येत नाहीत. शेजारच्या तारांमध्ये सर्वत्र पाच फ्रेटचे अंतर असते, पण तिसऱ्या आणि दुसऱ्या तारेमध्ये ते चारच असते. त्यामुळे प-सा-ग हा क्रम वर ३-४-३ असा दिसतो आणि खालच्या तीन तारांच्या संचावर ८-८-८ असा सरळ होतो.

प्रश्न : माझी मुलगी घरगुती मैफलीत पांढरी चारमध्ये भावगीते गाते आणि मी एकटाच गिटारवर साथ करतो. तीन तारांवरच्या कॉर्ड वाजवल्या की साथ फार पोकळ वाटते. पुन्हा बार कॉर्डकडे वळावे का? (एक वाचक, बडोदे)

उत्तर : आपल्याला पोकळी जाणवते ते बरोबरच आहे. खर्ज सांभाळणारे दुसरे वाद्य नसताना तो आपल्यालाच द्यावा लागतो. पण त्यासाठी सहाही तारा वाजवण्याची आवश्यकता नाही. अमेरिकन जॅझ वादक काउंट बेसी यांच्या वाद्यवृंदात १९३७ पासून जवळजवळ अर्धशतक तालाची गिटार वाजवणारे फ्रेडी ग्रीन कितीतरी वेळा तीन किंवा त्याहूनही कमी स्वरांत काम भागवत असत, आणि तरीही त्या मोठ्या वाद्यवृंदाची लय त्यांच्या गिटारवर उभी असे.

पांढरी चार म्हणजे एफ, आणि तिच्या पंचमाची कॉर्ड सी. सी सेव्हनसाठी सहाव्या तारेवर आठवा फ्रेट, चौथ्या तारेवर आठवा आणि तिसऱ्या तारेवर नववा एवढेच धरावे. पाचवी तार बोटाच्या स्पर्शाने बंद ठेवावी. हे झाले सीचे सा, कोमल नी आणि ग. तेथून एफवर येताना पाचव्या तारेचा आठवा फ्रेट धरावा, चौथ्या तारेवरचा स्वर एक फ्रेट मागे घ्यावा आणि तिसऱ्या तारेवरचा नववा तसाच ठेवावा. ही एफ मेजर सेव्हन होते आणि ती कानाला मऊ लागते. तिसऱ्या तारेवरचा तो स्वर एफचा शुद्ध निषाद आहे, त्यामुळे मुलगी षड्जावर ठेहराव घेत असेल तेव्हा तो तिच्या सुराला घासतो. अशा जागी तिसरी तार सोडून द्यावी आणि पाचव्या व चौथ्या तारेवरचे सा आणि ग एवढेच वाजवावेत. दोन स्वरांतही कॉर्ड पूर्ण कळते.

ओळ संपून तिने श्वास घेतला की हात फारसा न हलवता वरच्या तीन तारांवर १०-१०-८ येथे एफची पूर्ण कॉर्ड मिळते. ती एकदा हलकी छेडून पुन्हा खालच्या दोन तारांवर यावे. एका गाण्यात खर्ज आणि वरची कॉर्ड यांची अशी अदलाबदल तीन-चार ठिकाणी केली तरी पुरते. प्रत्येक ओळीनंतर केली तर ऐकणाऱ्याचे लक्ष गाण्यावरून गिटारकडे जाते. एखादे गाणे मोकळ्या तारांच्या झंकारावरच खुलणारे असेल, तर तिसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावून डीचे आकार वाजवायला कोणताही संकोच बाळगू नये.