वडिलांचा कॅन्सर शेवटच्या टप्प्यात आहे, डॉक्टर हॉस्पिस म्हणतात. म्हणजे उपचार बंद? आणि मॉर्फिनची सवय लागेल का?

हॉस्पिस म्हणजे आजार बरा करण्याऐवजी त्रास कमी करण्यावर भर देणारी काळजी. त्यात केमो थांबते. दुखणं, धाप, उलट्या, जखमेचा वास यांवरचे उपचार मात्र चालूच राहतात. खरं तर बऱ्याचदा तेव्हाच नीट सुरू होतात. मुंबईत वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६पासून अशा कॅन्सर रुग्णांना मोफत सांभाळतं. चौकशीला जाताना केसपेपर आणि बायोप्सीचा रिपोर्ट सोबत ठेवा.

वेदनेसाठी, डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत घेतलेल्या मॉर्फिनचं व्यसन क्वचितच लागतं. साध्या गोळीचा असर चारेक तास टिकतो, म्हणून ती घड्याळ लावून द्यायची. ‘दुखेल तेव्हा बघू’ म्हणतात तिथेच गाडी अडते, कारण वेदना चढल्यावर तेवढी गोळी पुरत नाही. पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून मागून घ्या. मॉर्फिनने आतडी मंदावतात. मळमळ, गुंगी बहुधा काही दिवसांत ओसरते, बद्धकोष्ठता नाही. गोळी मनाने वाढवू नका, एकदम बंदही करू नका.

अगदी शेवटी भूक जाते आणि नातेवाईक सलाईनचा हट्ट धरतात. शरीराला ते पेलत नाही, सूज आणि छातीतली घरघर वाढू शकते. त्यापेक्षा ओल्या कापसाने ओठ, जीभ ओली ठेवा.