गोड्या पाण्यातल्या माशात ओमेगा-3 येतं कुठून?

प्रश्न: गोड्या पाण्यातल्या माशांच्या खाण्यात डीएचए (एक ओमेगा-3 फॅट) कमीच असतं म्हणे, मग त्यांच्या अंगात ते येतं कसं?

उत्तर: ते स्वतःच बनवतात की! शेवाळ, किडे यांतून 18 कार्बनचं फॅट मिळतं, मग फॅड्स-2 जीनचं एन्झाइम त्यात डबल बॉण्ड घालतं, इलोव्हल-5 वगैरे दुसरी एन्झाइम्स कार्बनची साखळी लांबवतात, असं करत करत 22 कार्बनचं डीएचए तयार. गंमत म्हणजे झेब्राफिशचं एकच फॅड्स-2 दोन वेगवेगळ्या जागी बॉण्ड घालू शकतं, माणसाला त्यासाठी दोन जीन लागतात. पण हे जीन कायम फुल स्पीडमधे नसतात हां, आयतं डीएचए भरपूर मिळालं की लिव्हरमधे मंदावतात, नुसतं वनस्पती तेल दिलं की सहसा परत जोरात. बऱ्याच समुद्री माशांना आयतंच मिळतं, म्हणून त्यांची ही मशिनरी कमजोर.