‘द एज ऑफ इनोसन्स’च्या शेवटी न्यूलँड एलेनला भेटायला वर का जात नाही?

तुमचा प्रश्न रास्त आहे. सिनेमाचा नायक न्यूलँड, त्याची बायको वारलीय, मुलं मोठी झालीत, लग्नाबाहेर जिच्यावर जीव जडला होता ती एलेन पॅरिसला वरच्या मजल्यावर वाट बघतेय आणि हा गडी खाली बाकावर बसून माघारी फिरतो! (सिनेमा पाहिला नसेल तर पुढे वाचू नका.)

मीही पहिल्यांदा चिडलोच होतो. कर्तव्य म्हणावं, तर ५७ वर्षांच्या विधुराला आता कोण अडवणार? १८७०च्या दशकातलं ते न्यूयॉर्क, ऑपेराच्या बॉक्समधून दुर्बिणीनं एकमेकांवर नजर ठेवणारी ती घराणी, सगळं मागे पडलेलं.

दुसऱ्यांदा बघताना माझं लक्ष मेकडे, त्याच्या बायकोकडे गेलं. आपण तिला भाबडी समजतो. पण दिवस गेल्याची स्वतःची खात्री नसताना तिनं ते आधी एलेनला सांगितलेलं असतं, आणि एलेन निघून जाते. वर तिच्या निरोपाची मेजवानीही मेच्याच घरी! अख्खं गोत गोड हसत जेवतंय आणि न्यूलँडला तेव्हा कळतं, की या सगळ्यांनी आपलं लफडं कधीच गृहीत धरलंय. एकही आवाज न चढवता माणसाला इतकं चहूबाजूंनी घेरलेलं मी दुसऱ्या सिनेमात पाहिलेलं नाही. गुंडांचे सिनेमे काढणाऱ्या स्कॉर्सेसीला १९९३ साली हा विषय का सुचला, ते त्या टेबलावर समजतं.

पॅरिसमध्ये मुलगा सांगतो, की आई मरणाच्या आदल्या दिवशी म्हणाली होती, तिनं मागितलं तेव्हा बाबांनी सगळ्यात हवी असलेली गोष्ट सोडली. न्यूलँड म्हणतो, तिनं कधी मागितलंच नाही. म्हणजे मेला सगळं माहीत होतं, त्याचं दुःखसुद्धा. हे कळल्यावर जिना चढायचं बळ त्याच्यात उरत नसावं.

आणि ते दीपगृह. तरुणपणी एकदा एलेन समुद्राकाठी पाठमोरी उभी होती; समोरची बोट दीपगृह ओलांडायच्या आत ती मागे वळली तर तिच्याकडे जायचं, असं त्यानं तेव्हा मनाशी ठरवलेलं. ती वळली नव्हती. बाकावर बसल्यावर वरच्या खिडकीच्या काचेवर ऊन चमकतं, आणि त्याच्या डोळ्यांपुढे ती वळून हसते. मग नोकर खिडकी लावतो, हा उठतो.

आमच्या घरी हे पटलेलं नाही. बायकोच्या मते तो तेव्हाही भित्रा होता, आताही भित्राच.