हॉल काही केल्या ठरेना

"मॅडम, हसू नका हं, पण मी हॉलसाठी आलेय," खुर्चीत टेकायच्या आधीच ती म्हणाली. मी हसले नाही, कारण माझ्याकडे समुपदेशनाला असेही येतात लोक. कार्यक्रमाची जागा ठरत नाहीये आणि त्यापायी झोप उडालीय, घरात धुसफूस चाललीय, ही तक्रार वाटते त्यापेक्षा बरीच कॉमन आहे, फक्त कोणी उघड बोलत नाही कारण ऐकणारा म्हणतो अगं त्यात काय एवढं, घे कुठलाही. तिचा नवरा नेमकं हेच म्हणत होता. (तिला विचारूनच लिहितेय, आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.)

वय पंचेचाळीसच्या आसपास, ऑफिसात मोठी टीम सांभाळणारी बाई. आईबाबांच्या लग्नाला ५० वर्षं होणार होती, १२० माणसं, एक संध्याकाळ. दोन महिन्यांत १७ हॉल बघून झालेले आणि पहाटे तीनला जाग आली की डोक्यात चालू, चार नंबरचा की अकरा नंबरचा, चारचं स्टेज छान आहे पण पार्किंग नाही, अकराला पार्किंग आहे पण लाइट पिवळट आहेत, परत चार, परत अकरा. वर परदेशातला दादा. तो म्हणायचा "तू ठरव गं, मला काहीही चालेल", आणि हिने फोटो पाठवला की दोन मिनिटांत उत्तर, "जरा ऑफिसच्या मीटिंगसारखा नाही का वाटत हा?" अशा दादांचं काय करायचं हे आम्हाला कुठल्याच कोर्समध्ये शिकवलेलं नाही.

आधी मी एक गोष्ट तपासली. काळजी फक्त हॉलचीच आहे की सगळीकडे पसरलीय? मुलांची, पैशाची, तब्येतीची, आली गेली प्रत्येक गोष्टीची काळजी, तीही सहा महिने किंवा जास्त, जवळजवळ रोज, असं असेल तर मामला वेगळा, तिथे नीट तपासणी करून घ्यावी लागते, हॉल बुक झाला म्हणून ते जात नाही. हिचं तसं नव्हतं. ऑफिसात ही बाई दिवसाला वीस निर्णय घेत होती आणि एकही परत उघडून बघत नव्हती.

मग मी चूक केली. आमच्या धंद्यातली ही जुनी खोड, समोरचा म्हणतो दात दुखतोय आणि आम्ही विचारतो लहानपणी घरी कोण चिडायचं. दोन सेशन मी दादा आणि ती, कोणाचं कौतुक जास्त व्हायचं, आईबाबांसाठी काहीतरी सिद्ध करायचंय का, हे सगळं उकरत बसले. तिने शहाण्या मुलीसारखी उत्तरं दिली. तिसऱ्या वेळी म्हणाली, "मॅडम, तुम्ही म्हणताय ते असेलही, पण शनिवारपर्यंत अॅडव्हान्स भरायचाय."

बरोबर होतं तिचं. मी म्हटलं चला, दाखवा ती शीट.

लॅपटॉप उघडला. १७ ओळी आणि ३१ कॉलम. मार्क, रंग, वेटेज, सगळं. स्टेजची रुंदी, मागचा पडदा कुठल्या रंगाचा, झुंबर आहे की नाही, एन्ट्रीला फोटो काढायला कोपरा आहे का, वायफाय. मी डावीकडून उजवीकडे सावकाश वाचत गेले आणि विचारलं, "आणि बाबा कुठे बसणार?"

ती म्हणाली, "म्हणजे? स्टेजवर."

"आणि दिसतंय ऐकू येतंय त्यांना नीट?"

इथे ती थांबली. मग सांगायला लागली की बाबांना कानाचं मशीन आहे, चार वर्षं झाली. मागच्या वर्षी एका नातेवाइकांच्या कार्यक्रमात, चकचकीत हॉल, खाली फरशी, एका बाजूला पूर्ण काच, बाबांनी अर्ध्या तासात मशीन काढून शर्टाच्या खिशात टाकलं आणि पुढचे तीन तास येईल त्याच्याकडे बघून हसत बसले. "कोणीतरी विचारत होतं तब्येत कशी आहे तर बाबा म्हणाले हो हो, जेवलो. आणि खिशातून त्या मशीनची बारीक शिट्टी वाजत होती, ती त्यांना सोडून सगळ्यांना ऐकू येत होती." एवढं बोलून ती रडली. पहिल्यांदाच.

३१ कॉलममध्ये ही शिट्टी कुठेच नव्हती.

जरा टेक्निकल सांगते कारण हे मला स्वतःला उशिरा कळलं. मशीन आवाज मोठा करतं, पण समोरच्याचं बोलणं, मागे सरकलेली खुर्ची, पलीकडच्या टेबलावरचा हशा, सगळंच थोडंफार मोठं होतं. नवी मशीनं बरीच हुशार आहेत, तरी भिंतीवर आपटून परत येणारा आवाज त्यांनाही नीट वेगळा काढता येत नाही. फरशी, काच, उंच छत असलं की शब्द घुमतात आणि एकमेकांवर चढतात. बोलणं नीट कळायचं तर हे घुमणं एक सेकंदाच्या आत विरलेलं बरं. घरगुती टेस्ट सोपी आहे, हॉलच्या मधोमध उभं राहून एक कडक टाळी वाजवायची आणि आवाज किती वेळ रेंगाळतो ते ऐकायचं. रिकामा हॉल भरलेल्या हॉलपेक्षा जास्त घुमतो, माणसं आणि त्यांचे कपडे आवाज पितात, तेवढी सूट द्यायची. पण रिकाम्यात टाळी झणझणत राहिली तर १२० माणसांच्या गोंगाटात बाबांचं मशीन परत खिशात जाणार.

मी एक कोरा कागद दिला आणि म्हटलं यावर फक्त अटी लिहा, अट म्हणजे जी मोडली तर हॉल बाद, मग झुंबर सोन्याचं असलं तरी बाद. तिने भराभर अकरा लिहिल्या. मी पेन काढून घेतलं. खोडत खोडत तीन उरल्या. एक, बाबांना टेबलापलीकडच्या माणसाचं बोलणं कळलं पाहिजे. दोन, आईच्या गुडघ्यांसाठी गाडीपासून खुर्चीपर्यंत आणि खुर्चीपासून टॉयलेटपर्यंत पायरी नको, रॅम्प असेल तर खरा हवा, म्हणजे १ फूट चढायला निदान १२ फूट लांब, नाहीतर काही ठिकाणी फळी टेकवून ठेवतात आणि म्हणतात रॅम्प. तीन, १२० माणसं टेबलखुर्चीवर मोकळी बसली पाहिजेत पण हॉल ओकाबोका वाटायला नको. माणशी १२ ते १५ चौरस फूट धरले तर दीड-पावणेदोन हजाराच्या आसपास पुरे. तिचा लाडका चार नंबर ४०० माणसांचा होता, तिथे ही १२० माणसं भिंतीला चिकटून बसली असती, आणि त्या सुंदर स्टेजला पाच पायऱ्या होत्या, कठडा नसलेल्या. चार नंबर तिथेच गेला. बघता बघता १७ मधले १३ गेले, तेही एका पेनाने, खुर्चीतून न उठता.

ती म्हणाली, "पण मॅडम, उरलेल्यांत बेस्ट कुठला हे कसं कळणार?"

याचं उत्तर मी नेहमी हर्बर्ट सायमनच्या आधाराने देते. अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेला माणूस, १९७८ चं. त्याने १९५६ मध्येच मांडलं होतं की माणूस सगळे पर्याय तपासून सर्वोत्तम निवडतच नाही, पुरेसं चांगलं कशाला म्हणायचं ते ठरवतो आणि तसं पहिलं मिळालं की थांबतो. पुढे २००६ मध्ये एक अभ्यास आला, कॉलेज संपवून नोकरी शोधणाऱ्या मुलांचा. बेस्टच पाहिजे म्हणून शोधत राहणाऱ्यांना सुरुवातीचा पगार २० टक्के जास्त मिळाला, आणि तरी नोकरीबद्दल समाधानी कमी तेच होते. मी हे सांगितलं तर ती म्हणाली "२० टक्के म्हणजे चांगलेच की." खरं सांगते, इथे मला हसू आलं. हुशार लोकांशी असंच होतं, तुम्ही दाखला द्यावा आणि त्यांनी त्यातला आपल्या कामाचा तुकडा उचलावा. मग मी तिला विचारलं की झुंबरामुळे तुमची ती संध्याकाळ २० टक्के जास्त चांगली होणार असेल तर सांगा, आपण परत शीट उघडू. तिने लॅपटॉप मिटला.

दादाचा प्रश्न उरला होता. तिथेच बसून तिने मेसेज टाइप केला, चार वेळा खोडून. शेवटी गेला तो असा: "दादा, या तीन अटी आहेत. यातली कुठली मोडतेय असं वाटलं तर सांग, किंवा तुला दुसरा हॉल माहीत असेल तर गुरुवारी सात वाजेपर्यंत नाव पाठव, मी बघून येईन. नुसतं कसंतरी वाटतंय असेल तर या वेळी नको." पाठवल्यावर तिने फोन उलटा ठेवला, जसा काही चावणार होता. उत्तर आलं, अंगठा. माझा अंदाज, तो बिचारा लांब बसून आपणही यात आहोत एवढंच दाखवत होता आणि त्याला दुसरं काही करायला कोणी दिलंच नव्हतं. नंतर फोटोंचा सगळा भाग त्याने सांभाळला.

आता होमवर्क. उरलेले चार हॉल परत बघायचे, पण कार्यक्रमाच्याच वेळी, फोन पर्समध्ये, फोटो नाही. प्रत्येक ठिकाणी पंधरा मिनिटं खुर्चीत नुसतं बसायचं. आणि बाबांना न्यायचं. याला ती तयारच होईना, म्हणे ते म्हणतील कशाला हा खटाटोप, आणि सरप्राइज राहणार नाही. मी म्हटलं सरप्राइज केकचं ठेवा.

बाबा गेले. तिने नंतर जे सांगितलं ते मी आता बाकीच्यांनाही सांगते. त्यांनी छताकडे पाहिलंच नाही. आत शिरल्या शिरल्या आधी टॉयलेट कुठे ते विचारलं, चालत जाऊन आले, मग एक खुर्ची उचलली आणि भिंतीला पाठ लावून बसले. म्हणाले, "मागून कोणी बोललं तर मला पत्ता लागत नाही, पाठीशी भिंत असली की सगळे समोरच." चार वर्षांत हे त्यांनी घरात कधी बोलून दाखवलं नव्हतं, आणि कोणी विचारलंही नव्हतं.

जो हॉल त्यांना आवडला तो शीटमध्ये चौदावा होता. तिने त्याला शून्याच्या आसपास मार्क दिलेले, शेऱ्यात लिहिलेलं: जुने जाड पडदे, कार्पेट, छत बुटकं. म्हणजे ज्या तीन गोष्टींमुळे तिथे टाळी लगेच विरत होती, नेमक्या त्याच तीन. टेबलं सहा फुटी गोल होती, दहा माणसांची, ती बदलून पाच फुटी मागितली, आठ बसतात पण पलीकडचा माणूस एक फूट जवळ येतो. अॅडव्हान्स भरताना दोन गोष्टी लेखी घेतल्या, रद्द केलं तर कधीपर्यंत किती परत, आणि शेजारच्या हॉलमध्ये त्या संध्याकाळी लाउडस्पीकरचा कार्यक्रम आहे का. दुसरी गोष्ट बहुतेक लोक विचारतच नाहीत आणि मग ऐन वेळी भिंतीपलीकडून ढोल ऐकत बसतात.

त्याच रात्री झोप लागली असं काही नाही. दोन दिवसांनी तिचा मेसेज, अकरा नंबरवाल्यांनी फोन केला, डिस्काउंट देतायत, काय करू? मी लिहिलं, अकराला किती पायऱ्या होत्या? पाच मिनिटांनी उत्तर आलं, नऊ. विषय संपला.

कार्यक्रमानंतर आठवड्याने तिचा फोन आला. एक काका रस्ता चुकले, पार्किंगवरून दोघं कुरकुरले, सुरुवातीला माइक कुईं करून ओरडला, आणि दादा आल्या आल्या वर बघून म्हणालाच, छत जरा बुटकं आहे नाही? मी विचारलं, "आणि मशीन?"

"कानातच होतं मॅडम, पूर्ण वेळ," ती म्हणाली. "फक्त भाषणं सुरू झाली तेव्हा काढून खिशात टाकलं. मी धावत गेले, म्हटलं बाबा ऐकू येत नाहीये का? तर म्हणाले, येतंय गं, म्हणून तर काढलं."