आकडा सगळ्यात शेवटी

प्रिय मित्रा,

तू पाठवलेली यादी मी दोन रात्री बसून वाचली. पाच महिन्यांत प्रयोगशील रॉकचे दोनशे बारा अल्बम आणि प्रत्येकापुढे दशांश चिन्हासकट गुण! ऐकायची एवढी भूक बघून मनापासून आनंद झाला. पण वाचता वाचता एक गोष्ट खटकत गेली, ती सांगते. जवळजवळ सगळे आकडे सात ते नऊच्या मध्ये आहेत, आणि तू काय ऐकलंस हे एकाही आकड्यापुढे लिहिलेलं नाही. स्लिंटच्या 'स्पायडरलँड'ला ६.८ का दिलेस? आणखी तीन महिन्यांनी ते तुलाही आठवणार नाही. आकडा वहीत राहील आणि ऐकणं विरून गेलेलं असेल.

गुण अचूक कसे द्यायचे, असं तू विचारलं आहेस. माझं म्हणणं एवढंच, की आधी ऐकलेलं लिहायला शीक. आकडा सगळ्यात शेवटी येतो, आणि तो पेन्सिलीनं लिहायचा असतो.

'स्पायडरलँड'च घेऊ. अमेरिकेतल्या लुइव्हिल शहरातल्या चार तरुण पोरांचा हा बँड. १९९० च्या ऑगस्टमध्ये चार दिवसांत त्यांनी हा अल्बम ध्वनिमुद्रित केला, आणि १९९१ मध्ये तो आला. गाणी फक्त सहा, सगळी मिळून चाळीस मिनिटंही नाहीत. गायक बराच वेळ गातच नाही, बोलतो. तेही शेजारच्या खोलीत कुणी स्वतःशी पुटपुटावं तसं. हातात फोन धरून, निरोप वाचत ऐकलास, तर या अल्बममध्ये काही घडतच नाही. शेवटच्या 'गुड मॉर्निंग, कॅप्टन'पर्यंत आवाज अनेकदा फुगतो आणि ओसरतो, पण माणूस मात्र बराच वेळ तोंडातल्या तोंडातच बोलत असतो. मग अगदी अखेरीला तो फुटतो, ओरडतो. ती किंकाळी सुटी काढून ऐकवली तर कुणीही खांदे उडवील. आधीचा अर्धा तास तू त्याचं पुटपुटणं कान देऊन ऐकलेलं असलं, तरच ती अंगावर येते. अख्खा अल्बम त्या एका मिनिटासाठी दम धरून असतो. तू दम धरला होतास का? प्रामाणिकपणे आठवून बघ. धरला असशील आणि तरीही ६.८ वाटत असतील, तर मी एक शब्द बोलणार नाही.

माझी पद्धत अशी आहे. पहिली बैठक नुसती ऐकण्याची. वही बंद, फोन दुसऱ्या खोलीत, सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग. दुसऱ्या बैठकीला वही उघडायची आणि फक्त वेळ लिहायची: अमुक मिनिटाला ड्रम थांबला, तमुक मिनिटाला माझं लक्ष उडालं. चांगलं-वाईट असा शब्द त्या पानावर येऊ द्यायचा नाही. मग आठवडाभर तो अल्बम लावायचाच नाही. या आठवड्यात जे आपोआप आठवतं, ते तिसऱ्या बैठकीआधी लिहून काढायचं. कुठला तुकडा जिन्यात, आंघोळीला, झोप लागताना डोक्यात आला? आणि काय आठवायचा प्रयत्न करूनही येत नाही? माझा अनुभव असा, की आठवड्यानंतरचं हे पान पहिल्या दिवशीच्या उत्साहापेक्षा जास्त खरं असतं. तिसऱ्यांदा ऐकून झालं, की मग आकडा. या हिशोबानं तुझे महिन्याला दहाच अल्बम होतील. होऊ देत.

आता आवाजाच्या पातळीबद्दल, कारण इथे जाणती माणसंसुद्धा फसतात. तेच ध्वनिमुद्रण एखाद-दोन डेसिबलनं मोठं लावलं, की कानाला ते मोठं नाही, 'चांगलं' वाटतं. म्हणजे दोन अल्बमची तुलना करताना एक मोठ्यानं आणि एक हळू लागला असेल, तर तू गुण संगीताला दिलेस की आवाजाच्या बटणाला, हे कळायला मार्ग नाही. त्यात नव्वदच्या दशकापासून मास्टरिंग, म्हणजे अल्बमवरचा शेवटचा हात, जास्त जास्त मोठ्या आवाजाचं होत गेलं, त्यामुळे एकाच अल्बमची जुनी आणि नवी आवृत्तीही वेगळी ऐकू येते. बऱ्याच ॲपमध्ये आवाज समान करण्याची सोय असते, ती चालू ठेव. पण ती अल्बमनुसार हवी, गाण्यागणिक नको. गाण्यागणिक केलीस तर बँडनं मुद्दाम हळू ठेवलेलं गाणंही वर ओढलं जातं.

याचं सगळ्यात जवळचं उदाहरण म्हणजे टॉक टॉक या ब्रिटिश बँडचा 'स्पिरिट ऑफ ईडन', १९८८ चा. हाच बँड आधी नाचायला लावणारी सिंथची गाणी करायचा. या अल्बमसाठी गायक मार्क हॉलिस आणि त्याच्या साथीदारांनी लंडनच्या एका स्टुडिओत जवळजवळ अंधार करून महिनोन्महिने काम केलं. एकेक वादक येऊन वाजवून जायचा आणि त्यातलं बहुतेक टाकून दिलं जायचं. पहिला तुकडा 'द रेनबो'. सुरुवातीला दबलेला ट्रम्पेट, मागे तंतुवाद्यांची हलकी रेघ, आणि मध्ये शांतता. पहिल्यांदा ऐकताना मी आवाज वाढवला. अजून वाढवला. दोनेक मिनिटांनी गिटार आली, तिच्यामागून करवतीसारखी हार्मोनिका आली, आणि मी दचकून खुर्चीतून उठले. दुसऱ्या दिवशी बटणाला हात लावायचा नाही असं ठरवून ऐकलं. तेव्हा कळलं, की ती दोन मिनिटं रिकामी नाहीत. खोलीचा आवाज ऐकू येतो, वादक वाजवायचा थांबलेला ऐकू येतो. हळू आहे म्हणून कान पुढे सरकतो, आणि पुढे सरकलेल्या कानाला ती हार्मोनिका लागते. मी आवाज वाढवत गेले तेव्हा हे सगळं मीच पुसून टाकलं होतं.

पत्रात तू म्हटलं आहेस, की माय ब्लडी व्हॅलेंटाइन या बँडच्या 'लव्हलेस'मध्ये गाणाऱ्यांचे शब्दच कळत नाहीत, म्हणून एक गुण कापला. इथे तुझ्याशी भांडणार आहे. त्यांचा गिटारवादक केव्हिन शील्ड्स गिटारचा ट्रेमोलो दांडा, म्हणजे तारांचा ताण बदलणारा दांडा, हातात धरूनच तारा छेडतो. त्यामुळे प्रत्येक स्वर किंचित खाली-वर घसरत राहतो, जमीनच हलते आहे असं वाटतं. त्यात गाणाऱ्यांचा आवाज गिटारच्या पुढे आणून ठेवला असता, तर एक स्थिर माणूस आणि मागे हलणारं दृश्य असं झालं असतं. त्यानं माणसालाही त्या दृश्यातच विरघळवलं. आवाज इथे शब्द सांगायला आलेला नाही, तो रंग आहे. १९९४ मध्ये सायमन रेनॉल्ड्स या समीक्षकानं 'पोस्ट-रॉक' या शब्दाची फोड करताना जे लिहिलं, ते मला आजही उपयोगी पडतं: रॉकची वाद्यं, पण रॉकच्या नसलेल्या कामासाठी, गिटार रिफसाठी (परत परत येणाऱ्या छोट्या धुनेसाठी) नाही, पोतासाठी. तेव्हा गुण कापण्याआधी विचारायचं, की ही गोष्ट इथे कशासाठी ठेवली आहे. उत्तर सापडलं आणि तरी आवडली नाही, तर काप खुशाल.

कंटाळ्याबद्दल तू काहीच लिहिलेलं नाहीस, आणि या संगीतात खरी परीक्षा तिथेच होते. कॅन या जर्मन बँडच्या 'टागो मागो'मध्ये, १९७१ मध्ये, 'हालेलुवाह' नावाचा अठरा मिनिटांचा तुकडा आहे. ड्रमवादक याकी लीबेत्साइट एकच ठेका धरतो आणि तो जवळजवळ शेवटपर्यंत सोडत नाही. बँड तासन्‌तास वाजवायचा, आणि मग बेसवादक होल्गर चुकाय टेप कापून जोडायचा. आठव्या मिनिटाला तुला कंटाळा येईल. तेव्हा गाणं बदलू नकोस. कान ठेक्यावरून काढ आणि फक्त बेसवर ठेव. मग फक्त गिटारवर. ठेका तोच असतो, पण त्याच्यावरून काय काय ये-जा करतं ते तेव्हा दिसायला लागतं. असं वाद्यागणिक फिरूनही काहीच सापडलं नाही, तर तो कंटाळा अल्बमचा. एका वाद्यावर कान हलवताच कंटाळा गेला, तर तो आपला होता. हा फरक ओळखता आला की निम्मं काम झालं. याच अल्बमच्या दुसऱ्या तबकडीवरच्या 'ऑम्न'मध्ये मी अनेक वर्षं अशी फिरते आहे, आणि त्याची सतरा मिनिटं मला अजूनही लांबलेलीच वाटतात. हे मी ठामपणे लिहू शकते, कारण शोधून झालं आहे.

माझी एक जुनी चूक सांगते. नॉय! या जोडगोळीचा दुसरा अल्बम, १९७३ चा, मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा त्याच्याबद्दल काहीच माहीत नव्हतं. पहिली बाजू सुंदर. त्यातल्या 'फ्यूर इमर'च्या अकरा मिनिटांत मी हरवून गेले. दुसरी बाजू लावली तर गाणं भलत्याच वेगानं पळतंय, पुढचं रेंगाळतंय. मला वाटलं प्रत सदोष आहे. रागारागानं दहापैकी दोन लिहून मोकळी झाले. पुढे कळलं, की ध्वनिमुद्रणाचे पैसे संपल्यावर त्यांनी आधी छोट्या तबकडीवर आलेली आपलीच दोन गाणी मिनिटाला सोळा आणि अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या वेगावर वाजवून ती बाजू भरली होती. हे वाचल्यावर मी घाईघाईनं दोनाचे आठ केले, आणि ती माझी दुसरी चूक. ऐकलं काहीच नव्हतं. गोष्ट आवडली म्हणून गुण वाढवले. शेवटी तिसऱ्यांदा नीट बसून ऐकलं तेव्हा मंद वेगातला ड्रम मला खरोखर आवडला, आणि बाकीची बाजू पातळ वाटली. आता तिथे पाचात साडेतीन आहेत, आणि ते माझ्या कानानं दिलेले आहेत.

म्हणून अल्बमच्या कहाण्या जपून वाच. काही कहाण्या कान कुठे लावायचा ते दाखवतात. कॅप्टन बीफहार्टचा १९६९ चा 'ट्राउट मास्क रेप्लिका' ऐकताना वाटतं, की जो तो मनाला येईल ते वाजवतोय. प्रत्यक्षात बँडनं आठेक महिने एका घरात कोंडून घेतल्यासारखा तो पाठ केला होता, आणि वाद्यांचा बहुतेक भाग नंतर काही तासांत वाजवून टाकला. हे कळल्यावर तू वादक एकदम थांबतात त्या जागा शोधू लागतोस, आणि त्या सापडतात. ही माहिती कामाची. पण बँडनं किती हाल सोसले, किती पैसा बुडाला, याला गुण नसतात.

दुसऱ्यांचे गुण तर ऐकण्याआधी मुळीच पाहू नकोस. रेडिओहेड या बँडचा 'किड ए' २००० मध्ये आला तेव्हा पिचफोर्क या संगीताच्या संकेतस्थळानं त्याला दहापैकी दहा दिले आणि एका ब्रिटिश साप्ताहिकानं पाचपैकी दीड. दोघांनी एकच अल्बम ऐकला होता. दीड देणाऱ्याचं परीक्षण नंतर वाचलंस तर त्याला काय हवं होतं आणि काय मिळालं नाही ते कळेल, आणि तेवढं ते उपयोगाचं आहे. आधी वाचलंस तर तू त्याच्याच कानानं ऐकशील, नाहीतर त्याच्याविरुद्ध ऐकशील. दोन्हीत तू नसशील.

मोजपट्टीबद्दल थोडक्यात. ७.३ आणि ७.४ मधला फरक मला ऐकू येत नाही, म्हणून मी पाचाची पट्टी वापरते, अर्ध्यासकट. मात्र रकाने दोन ठेवते. या अल्बमनं जे करायला घेतलं ते किती साधलं, हा एक. आणि मला परत तिथे जावंसं वाटतं का, हा दुसरा. लू रीडचा १९७५ चा 'मेटल मशीन म्युझिक' म्हणजे चार बाजू भरून नुसता गिटारचा फीडबॅक, म्हणजे स्पीकरचा आवाज परत गिटारमध्ये शिरून उठणारा गुंजारव. पहिल्या रकान्यात माझे त्याला साडेचार आहेत, दुसऱ्यात एक. यांची सरासरी काढली तर पावणेतीन येतात, आणि त्या आकड्यात ना तो अल्बम उरतो ना मी.

आणि कान सांभाळ, हे काळजीनं सांगते. जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्या माणसांसाठी आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास ही मर्यादा सांगितली आहे, आणि आवाज वाढला की तास झपाट्यानं कमी होतात. हे संगीत मोठ्यानं ऐकायचा मोह होतो, मलाही होतो. हेडफोन काढल्यावर कानात शीळ वाजत असेल तर त्या दिवशी ऐकणं बंद. गेलेलं ऐकणं परत येत नाही.

यादी फाडू नकोस; ती बाजूला ठेव, तारीख घाल. नव्या वहीत सुरुवात 'स्पायडरलँड'पासूनच कर. तीन बैठका, मधला आठवडा, मिनिटांच्या नोंदी. पुढच्या पत्रात ते पान पाठव. मीही आज रात्री तो पुन्हा लावणार आहे आणि माझं पान लिहून ठेवणार आहे. आकडे दोघांनीही झाकून ठेवायचे. आधी बघू, शेवटच्या गाण्यात तुझा पेन कुठल्या मिनिटाला थांबला आणि माझा कुठल्या.

तुझी,
जुनी श्रोती